बिनपावसाचं गळणारं गॅरेज

गाडी माझ्या बायकोची आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या कॉलनीतलं दुसरं कोणी तरी सांगतंच. पैसे तिचे, नाव तिचं आणि चालवतेही तीच. छप्पन्नाव्या वर्षी शिकली. मीही तिच्यासोबत शिकायला जात होतो, पण तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या माणसाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "काका, तुमी मागच्या सीटवर लय शोभून दिसता." तेव्हापासून मी शोभून दिसतो.

अंजना मेडशीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापिका आहे. मी बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बत्तीस वर्षं सकाळी ती एका एसटीच्या मागे धावायची आणि मी दुसऱ्या. सोबत बसून चहा प्यायचो तो फक्त रविवारी, आणि त्यातही अर्धे रविवार कोणाच्या तरी लग्नात जायचे. आता मी घरी आणि दारात तिची गाडी. त्यामुळे रोज सकाळी आठ ते सव्वाआठ आम्ही गाडीच्या बाजूला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून चहा पितो. मग मी फाटक उघडतो, ती गाडी मागे घेते, मी "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे" असे हातवारे करतो. ती आरशात पाहते, माझ्याकडे पाहत नाही; पण हातवारे करायला काय जातं? मग ती काच खाली करून "येते हं" म्हणते आणि जाते. बस, एवढंच. पण हा पाव तास बत्तीस वर्षांनी हाती लागला होता, आणि तो सोडायचा नाही असं मी ठरवलं होतं.

तो पळवायला माझा साळाच टपून बसला होता.

उत्कर्ष हा अंजनाचा धाकटा भाऊ. तीन गल्ल्या पलीकडे त्याचं घर, घराला स्लॅबचा पोर्च. पोर्च एवढा मोठा की पाहुण्याला घर पाहायला बोलावून तो पोर्चच दाखवतो. आमची गाडी तेव्हा अंगणातल्या शेवग्याखाली उभी असायची. एक दिवस उत्कर्षने बॉनेटवरची आळी दोन बोटांनी उचलली, माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि बहिणीला म्हणाला, "ताई, तुह्या गाडीवर आळ्या पडून राह्यल्या. आमच्या पोर्चात लाव ना. सकाळी आली की चहा बी आमच्याकडंच घेत जा. भाऊजीले कायले तरास?"

"मले काई तरास नाई," मी म्हटलं. "अन गॅरेज होऊन राह्यलं इथं. टिनाचं. महिन्याभरात."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत गॅरेजचा विचार माझ्या मनात आलेला नव्हता. पण बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक शेड म्हणजे काय! शेकडो शेडच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या. त्यातल्या काही शेड नंतर उभ्याही राहिल्या असं ऐकून आहे.

मी रीतसर फाईल उघडली. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं पाहिजेत, म्हणून तिघांना पत्रं टाकली: एक वाशीमला, एक अकोल्याला आणि एक आमच्याच गावात टिनपत्र्याचं काम करणाऱ्या फुलसिंगला. पहिल्या दोघांचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. फुलसिंग मात्र पत्र हातात घेऊन स्वतःच आला.

"साहेब, हे पत्र कायले पाठवलं? माझं दुकान तुमच्या गल्लीच्या तोंडावर हाये. सकाळी तुमी माह्या समोरूनच पोस्टात गेले."

"पद्धत असते," मी म्हटलं.

फुलसिंगने टिनाचे तुकडे मांडले. एक साधं पांढुरकं, एक निळं, एक हिरवं, आणि एक वेगळंच होतं. वरून टिन आणि खालून पांढरा मऊ फोम चिकटवलेला.

"हे घ्या, साहेब. थंडीत टिनाले आतून घाम येते. फोम असला त थो येत नाई."

आता तुम्हीच सांगा. घाम माणसाला येतो, काम केलं तर. टिन काय काम करतं? शेजारचे पंजाबराव कुंपणावर हात ठेवून ऐकत उभे होते. हे कृषी सहायक होते, आता दोन म्हशी पाळतात आणि उरलेल्या वेळात सल्ला देतात. ते ऐकताहेत म्हटल्यावर मला जरा चेव आला.

"टिनाले गादी कायले पाह्यजे, फुलसिंग? गाडी काय छतावर झोपते?"

पंजाबराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. ज्या वाक्याला लोक हसतात ते वाक्य परत घेता येत नाही, हा जगाचा नियम आहे. फोमचं टिन फुलसिंगने गाठोड्यात परत ठेवलं, आणि साधं निळं टिन ठरलं.

मग परवानगी. त्यासाठी मी एका कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही, मला तिथं पुन्हा जायचंय. खिडकीमागे बसलेला बाबू पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तोच चष्मा, तीच मान, समोरच्याकडे न पाहण्याची तीच कला. अर्जात बांधकामाचे प्रकार होते चार: पक्कं घर, कच्चं घर, गोठा आणि इतर.

"इतर," मी म्हटलं.

"इतरले साहेबाची पाहनी लागते. साहेब गुरुवारी येते."

"मग गुरुवारी येतो."

"मागचे सात गुरुवार आले नाई." त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "काका, गोठा लिवा ना. आजच्या आज होते."

मी त्याला नियम सांगितला. त्याने मला पेन दिला. बत्तीस वर्षं मी लोकांना असल्याच कारणासाठी परत पाठवलं होतं; म्हणून पेन हातात घेऊन मी आधी मागे कोणी ओळखीचं उभं आहे का ते पाहिलं. पण लिहिलं. गोठा.

आठ दिवसांनी फोन आला. "गोठ्याचा फोटो लागते. जनावरासकट."

तोवर गॅरेज उभं झालं होतं. तीन बाजूंनी निळं टिन, वर निळं टिन, समोर शटर. पंजाबरावांनी लगेच एक म्हैस द्यायची तयारी दाखवली. शेजारधर्म म्हणतात तो हा. पण म्हैस आत जाईना. मग त्यांनी सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे मळणीत उरलेल्या भुश्याची, टोपली आत नेऊन ठेवली. त्याबरोबर म्हैस आत गेली, आणि मग बाहेर येईना. अडीच तास तिने ते कुटार रवंथ करत खाल्लं. फोटोत मी, म्हैस आणि गॅरेज आहोत. आम्हा तिघांत म्हैसच तेवढी खरी वाटते.

पुढच्या आठवड्यात जनावरांना लस टोचणारं पथक दारात. "इथं एक गोठा हाये म्हनते. किती जनावरं हायेत, मॅडम?"

"एकच," अंजना म्हणाली. "आत बसून पेपर वाचून राह्यले."

असो. गॅरेज झालं आणि मी त्याचा सर्वेसर्वा झालो. स्टिअरिंग तिचं असेल, पण शटरची चावी माझ्या खिशात. जिथं जिथं फट दिसली तिथं तिथं मी रबर ठोकलं, सिमेंटचा लपका मारला. मुंगीलाही आत यायचं असेल तर मला विचारावं लागेल असा बंदोबस्त. रोज संध्याकाळी ती गाडी आत लावायची, की मी दोन बादल्या पाण्याने गाडी तिथंच आत धुवायचो, मग जमीन धुवायचो आणि शटर खटकन खाली. उत्कर्षच्या पोर्चात त्याच्या गाडीवर बोटाने नाव लिहिता येतं एवढी धूळ असते. आमची गाडी आरसा.

डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी शटर वर केलं, अंजना आत गेली आणि तशीच उभी राहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अवो, पाऊस पडून राह्यला का?"

मी बाहेर पाहिलं. कडक ऊन. आभाळात औषधाला ढग नाही. आत पाहिलं, तर आत रिमझिम. छताच्या खालच्या बाजूला ओळीने थेंब लटकलेले आणि ऊन जसं टिनावर चढत होतं तसे ते एकेक करून खाली येत होते. टप. गाडीवर. टप. खुर्चीवर. टप. माझ्या चहात.

"दव असंल," मी म्हटलं.

"घरात?"

पुढे दोन आठवडे रोज तेच. गाडीच्या सीटला कुबट वास सुटला. अंजनाला शिंका सुरू झाल्या. मेडशीच्या फाट्यापर्यंत अकरा शिंका, असं ती मला मोजून सांगायची. मोजणारी बाई फार त्रासदायक असते. खिळ्यांच्या कडेने गंज धरला, आणि थेंबही तांबूस पडायला लागले.

फुलसिंगला बोलावलं. तो पाइप घेऊन वर चढला आणि अर्धा तास छतावर पाणी सोडलं. आत मी, अंजना आणि पंजाबराव माना वर करून उभे. एक थेंब नाही.

"साहेब," तो वरून ओरडला, "हे लिकेज नाई! लिकेज असतं त बुजवलं असतं. हा त घाम हाये."

फुलसिंग सज्जन माणूस. गादी हा शब्द त्याने काढला नाही. पण शिडी उतरताना तो हसत होता, आणि शिडी उतरणाऱ्या माणसाला हसायला दुसरं काय कारण असतं? मी त्याच वेळी "दे बाबा ते फोमवालं" म्हणालो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पंजाबराव बाजूलाच उभे होते, आणि त्यांचा तो ठसका मला अजून ऐकू येत होता.

बातमी उत्कर्षपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो आला, गॅरेजच्या मधोमध उभा राहिला आणि प्रसादाला धरतात तसा हात पुढे धरला. त्यावर एक थेंब पडला. तो त्याने बहिणीला दाखवला. न बोलता अपमान करण्यात हा माणूस पहिल्यापासूनच हुशार.

त्या दिवशी संध्याकाळी अंजनाने निकाल दिला.

"हे पाहा, एप्रिलच्या शेवटी मी रिटायर होऊन राह्यली. या सव्वीस जानेवारीले माह्या हातचं शेवटचं झेंडावंदन हाये. पांढरी साडी घेतली म्या त्याच्यासाठी. तिच्यावर या टिनाचा एक जरी गंजका थेंब पडला, त दुसऱ्या दिवशीपासून गाडी उत्कर्षच्या पोर्चात."

"अन चहा?" मी विचारलं.

"जिथं गाडी, तिथं चहा."

मला रात्रभर एकच चित्र दिसलं. आमच्या अंगणात एक प्लास्टिकची खुर्ची, आणि तिच्यावर मी.

पहिला उपाय थर्माकोल. मी स्वतः शिडीवर चढून छताला आतून पाट्या चिकटवल्या. दोन दिवस गॅरेज एखाद्या दवाखान्यासारखं पांढरंशुभ्र दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी टिन तापलं, गोंद सुटला आणि पाट्या गाडीवर आल्या. ज्या वर राहिल्या त्यांना उंदरांनी धरलं. उंदराला थर्माकोल पचत नाही, पण कुरतडायला मजा येते म्हणे. त्याच्या बारीक गोळ्या सीटला, साडीला, केसांना चिकटल्या. झटकलं की आणखी चिकटतात. अंजना शाळेत पोचली तेव्हा पहिलीच्या पोरींनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं बर्फ पडला का?" तिने उरलेल्या शिंका त्या दिवशी मला फोनवर ऐकवल्या.

"जानराव, तुमचं चुकून राह्यलं," पंजाबराव म्हणाले. "माह्या गोठ्यावर बी टिनच हाये. त्याच्याखाली माळा, माळ्यावर कुटार. एक थेंब पडला त मले सांगा. कुटार टाका, कुटार!"

मी जाऊन त्यांचा गोठा पाहिला. खरंच कोरडा. म्हशीही कोरड्या. आणि आपल्या भागात सोयाबीन निघाल्यावर कुटाराला काय तोटा? शिवाय अक्कल देशी. थर्माकोल काय, फोम काय, ही सगळी बाहेरची थेरं. आपल्या बापजाद्यांनी माळ्यावर कुटार ठेवलं ते काय उगाच?

फुलसिंगला माळा बांधायला बोलावलं, तर त्याने हात जोडले. "साहेब, मी लोखंडाचा मानूस. चाऱ्याचं काम मले येत नाई."

मग आम्ही दोघा निवृत्तांनीच ते केलं. छताखालच्या पाइपांना तार ओढली, तारेवर भाजीवाल्यांची हिरवी जाळी, जाळीवर बारदाना, आणि बारदान्यावर हातभर जाडीचं सोयाबीनचं कुटार, छतापर्यंत ठासून. संध्याकाळी आम्ही दोघंही डोक्यापासून पायापर्यंत खाजवत होतो, पण समाधान होतं.

आणि काय सांगू, थेंब थांबला! एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. टिपूस नाही. मी उत्कर्षला मुद्दाम चहाला बोलावलं आणि गॅरेजातच खुर्ची दिली. बिचारा अर्धा तास हात पुढे धरून बसला. शेवटी तो हात मी हातात घेतला आणि म्हटलं, "बिस्कीट घे."

पाणी मात्र कुठं गेलं नव्हतं. ते कुटार पीत होतं. दहा-बारा दिवसांनी आत गेलं की ऊबदार वाटायला लागलं. मी म्हटलं, बघा, थंडीत हिटर. मग पावसाळी उकिरड्यासारखा एक वास सुटला. मी उदबत्ती लावली. आणि विसाव्या तारखेच्या सुमारास जाळीच्या भोकांतून पांढरे कोंब खाली लोंबायला लागले. कुटारात राहिलेलं सोयाबीन उगवलं होतं. आमच्या छताला मोड आले होते.

पंजाबराव दुर्बीण लावल्यासारखे डोळे बारीक करून पाहत राहिले. "उगवनशक्ती चांगली हाये," ते म्हणाले. "कोनतं बियानं असंल?"

"अवो, हे खाली येते," अंजना म्हणाली. जाळीला मधोमध पोट सुटलं होतं.

"सव्वीस तारखेपर्यंत येत नाई," मी म्हटलं. सव्वीस तारीख त्यात धरली नव्हती, नुसतं 'पर्यंत' म्हटलं होतं. कारकुनाने शब्द जपून वापरावेत ते यासाठी.

सव्वीस जानेवारी. सकाळचे सहा. अंजना पांढरी साडी नेसून पायरीवर उभी. इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. मी म्हटलं, "तू तिथंच थांब. आत येऊच नको. मी अगोदर एक नजर मारतो." हे माझ्या हातून झालेलं त्या महिन्यातलं एकमेव शहाणं काम.

मी शटर वर केलं. वाफारा आणि वास एकदमच बाहेर पडले. पंजाबरावांची म्हैस त्याच वेळी धार काढून मोकळी सोडली होती. फोटो काढला होता ती हीच. त्या वासाबरोबर ती फाटकातून आली, माझ्याकडे न पाहता माझ्या बाजूने आत गेली, मान वर केली, लोंबणाऱ्या बारदान्याचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

पुढचं मी नीट पाहू शकलो नाही, कारण मी त्याच्याखाली होतो.

डोळे उघडले तेव्हा मी कमरेपर्यंत ओल्या, कोमट कुटारात उभा होतो. गाडी दिसत नव्हती. गाडीच्या आकाराचा एक ढीग दिसत होता. त्यावर हिरवी जाळी, जाळीवर मोड. म्हैस ढिगाच्या बॉनेटकडून सुरुवात करून शांतपणे नाश्ता करत होती. छताचे थेंब आता कोणी अडवायला नसल्याने मनसोक्त पडत होते. आणि पायरीवर अंजना. साडीवर एक डाग नाही.

"साडी कोरडी हाये," मी ढिगातून म्हटलं. "अट साडीची होती."

तिने घड्याळ पाहिलं. सव्वासातला झेंडा. एवढ्या सकाळी त्या खेड्याची एसटी नाही. उत्कर्ष आदल्या दिवशीच गाडी घेऊन सासुरवाडीला गेलेला. बत्तीस वर्षं ती कधी एक दिवस उशिरा पोचली नव्हती. एसटी बंद असताना एकदा ट्रॅक्टरवर बसून गेली होती. आणि आज, शेवटच्या झेंड्याला, माझ्या गादीच्या विनोदापायी...

मी फावडं घेतलं. पंजाबराव म्हशीला ओढत होते, ती येईना, मग तिला सोडून तेही झाडू घेऊन भिडले. दहा मिनिटांत चाकं दिसली, दरवाजा दिसला, समोरच्या काचेत एक ताट मावेल एवढी जागा दिसली. जाळी मात्र टपावरच्या कॅरिअरमध्ये अशी गुंतली होती की निघेना.

अंजना पदर खोचून सीटवर बसली. "बसा."

"मी? कुठं?"

"समोर. काच कोन पुसन?"

अशा रीतीने मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसून मेडशीच्या रस्त्याला लागलो. एक हात खिडकीबाहेर, हातात फडकं, मी वायपर. मागे रस्ताभर कुटार उडत होतं. एक बैलगाडी आम्ही मागे टाकली, तर तिचे बैल आमच्या मागे धावायला लागले. फाट्यापाशी ती म्हणाली, "शिंका नाई आल्या आज." ती रागात नाही हे कळून मला जास्तच वाईट वाटलं.

सात वाजून बारा मिनिटांनी आम्ही शाळेच्या मैदानात शिरलो. पोरं रांगेत, गावकरी कडेला, सरपंच रुपाबाई खांबापाशी. गाडी थांबली. टपावर हिरवी जाळी पसरलेली, तिच्यातून मोडांचे झुबके लोंबताहेत, बॉनेटवर कुटाराची रास, आरशाला बारदाना. रांगेतल्या पोरांच्या माना गाडीकडे वळल्या. मग रुपाबाई टाळी वाजवत म्हणाल्या, "अगं माय! मॅडमनं सोयाबीनचा चित्ररथ आनला!"

आणि टाळ्यांचा कडकडाट.

आयुष्यात एकदाही खोटं न बोललेली माझी बायको गाडीतून उतरली. पदर सोडला, सारखा केला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "उशीरच झाला सजवायले."

मी दुसऱ्या बाजूने उतरलो. केसांत कुटार, मिशीला मोड, शर्टाचा रंग ओळखू येत नाही. "अन हे शेतकरी झाले वाटते!" रुपाबाई म्हणाल्या. "मेकप झकास हाये. जानरावच हायेत ना?" बांधकाम खात्याच्या हेडक्लार्कला यापेक्षा मोठा मान मिळणं नाही. मी हात जोडले.

झेंडा वर गेला. दोरी खांबाला बांधल्यावर अंजनाने ती गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. पांढऱ्या साडीवर सकाळचं ऊन पडलं होतं. मी रांगेच्या टोकाला, माझ्याच कुटारात, ताठ उभा होतो. डोळ्यांत काही गेलं होतं. कुटारच असणार.

मग चॉकलेटं वाटली गेली आणि आदर्श सर माझ्याजवळ आले. हे तिथले विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मोड हुंगला आणि सगळी हकिगत माझ्याकडून काढून घेतली.

"काका, पानी वरून येऊन नाई राह्यलं. तुमीच नेऊन राह्यले आत."

"मी?"

"रोज सांजीले दोन बादल्या. मंग शटर बंद, फटी बंद. त्याची वाफ जाईन कुठं? रातच्याले टिन थंडगार पडलं की त्याले चिकटते. अन पंजाबरावच्या गोठ्याले थेंब नाई, कारन थो तीन बाजूनं मोकळा हाये." त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "गाडी बाहीर धुवा. अन टिनाले वरच्या अंगानं इकडून चार, तिकडून चार भोकं पाडा. हवा खेळली की झालं."

"अन खर्च?"

"ड्रिल मशीन कोनाची मांगून आनली त काईच नाई."

मी ते कोणाला सांगितलं नाही. आठ भोकांसाठी मी थर्माकोल, बारदाना, म्हैस आणि प्रजासत्ताक दिन खर्ची घातला, हे कोण सांगणार?

सत्तावीस तारखेला गाडी धुऊन-पुसून उत्कर्षच्या पोर्चात गेली. "अटीत साडी होती, गाडी नोती," मी एकदा म्हणून पाहिलं. "अट घालतांनी माहंच चुकलं," ती म्हणाली. पाहुण्यांना दाखवायच्या त्या पोर्चात गाडी मात्र एकच मावते; त्यामुळे उत्कर्षला बहिणीसाठी स्वतःची गाडी रस्त्यावर काढावी लागली, आणि रस्त्याच्या त्या कडेला बगळे बसतात ते झाड आहे. तेवढंच जरा बरं वाटलं.

अठ्ठावीसला सकाळी मी अंगणात एकच खुर्ची टाकली. आठ वाजले. अंजना दोन कप घेऊन बाहेर आली.

"जिथं गाडी, तिथं चहा म्हनली होती ना तू?"

"उत्कर्षच्या घरी नऊशिवाय कोनी उठत नाई," ती म्हणाली. "खुर्ची कुठं हाये माही?"

चहा झाल्यावर तिने बॅग माझ्या हातात दिली. "चला."

"कुठं?"

"गाडीपर्यंत. तीन गल्ल्या मी एकटी ओझं वाहू का?"

तेव्हापासून हे रोजचं झालं. पाव तास चहा आणि रमतगमत वीस मिनिटं चालणं. ती शाळेतलं सांगते, मी पेपरातलं. कधी काहीच नाही, नुसतं चालतो. पोर्चात मी हातवारे करतो, आता गाडीच्या आवाजाने उठून उत्कर्षही खिडकीतून पाहतो. "भाऊजी, गॅरेजचं काई जमलं का?" तो रोज विचारतो. त्याच्या गाडीवर बगळ्यांनी काम केलेलं असतं. मी म्हणतो, "अभ्यास सुरू हाये. विषय मोठा हाये."

परवा चालता चालता अंजना मध्येच थांबली.

"आदर्श सरनं मले बी सांगतलं, त्या आठ भोकांचं."

माझ्या हातातली बॅग एकदम जड झाली. "मशीन फुलसिंगकडं हाये," मी म्हटलं. "तो जरा कामात हाये सध्या. पन मी आजच..."

"त्याले कायले घाई करता?" तिने घड्याळ पाहिलं आणि पदराखाली झाकलं. "एप्रिलपर्यंत राहू द्या. चला, आज पान्याच्या टाकीकडून जाऊ."

"तिकडून लांब पडते."

"पडू द्या."